जुन्या यंत्राची छापील हस्तपुस्तिका ऑनलाइन आणताना

कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर, भोसरी किंवा नाशिकचे सातपूर, कुठेही गेले तरी तीस-चाळीस वर्षांपूर्वी घेतलेल्या लेथ (धातू कातण्याची यंत्रे) आजही रोज चालताना दिसतात. यंत्र टिकते, त्याची हस्तपुस्तिका मात्र टिकत नाही. पिना गंजतात, पानांवर ऑइलचे डाग पडतात, घडीची ड्रॉइंग नेमकी घडीवरच फाटतात आणि थ्रेड कटिंगच्या (आटे पाडण्याच्या) तक्त्याची तर झेरॉक्सची झेरॉक्स तेवढी शिल्लक असते. हरिहरच्या, आता बंद पडलेल्या म्हैसूर किर्लोस्करची लेथ ज्यांच्याकडे आहे, त्यांना दुसरी प्रत मिळवणे किती अवघड असते हे वेगळे सांगायला नको.

अशी पुस्तिका स्कॅन करून तिची पीडीएफ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की काम झाले, असा समज सर्रास आढळतो. एकशेवीस पानांच्या त्या फाइलमध्ये हेडस्टॉकच्या बेअरिंगचा क्रमांक शोधण्यासाठी फिटरला मोबाइलच्या पडद्यावर पान-पान सरकवत बसावे लागत असेल, तर कागदच बरा होता. ऑनलाइन पुस्तिकेत हवे ते पान दोन-तीन शब्द टाकून सापडले पाहिजे आणि सापडलेला आकडा मूळ छापील आकडाच आहे याची तिथल्या तिथे खात्री करता आली पाहिजे. म्हणून पुढील सर्व कामात एक नियम पाळावा: मजकूर शोधण्यासाठी आणि स्कॅन खात्रीसाठी. दोन्ही शेजारी-शेजारी हवेत. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

या लेखात उदाहरणासाठी एका सेंटर लेथची इंग्रजी हस्तपुस्तिका घेतली आहे. तिच्यात मजकूर, पार्ट लिस्ट, चेंज गिअरचा (आट्यांच्या मापानुसार बदलायच्या गिअरचा) तक्ता, वंगणाचा तक्ता, विजेच्या जोडणीची आकृती आणि घडीची काही मोठी ड्रॉइंग आहेत. शिवाय कारखान्याने वेळोवेळी जोडलेली मराठी सूचनापत्रके आणि समासात पेनाने केलेल्या दुरुस्त्याही आहेत.

स्कॅनरपाशी जाण्यापूर्वी

पहिल्यांदा पुस्तिका यंत्राजवळ न्यावी आणि ती त्याच यंत्राची आहे का हे पाहावे. एकाच मॉडेलच्या लेथमध्ये मधल्या काळात गिअर बॉक्स किंवा मोटर बदललेली असू शकते आणि पुस्तिकेच्या सुरुवातीला ती कोणत्या अनुक्रमांकाच्या यंत्रांना लागू आहे, हे बऱ्याचदा छापलेले असते. यंत्रावरच्या नेमप्लेटचा फोटो काढून ठेवावा; तोच पुढे ऑनलाइन पुस्तिकेच्या पहिल्या पानावर जाईल.

त्यानंतर पाने मोजावीत. गहाळ पाने, उलटी शिवलेली पाने, दुसऱ्याच पुस्तिकेतून येऊन बसलेली पाने यांची नोंद साध्या स्प्रेडशीटमध्ये करावी. प्रत्येक पानासमोर त्याचा प्रकारही लिहावा: वाचण्याचा मजकूर, आकड्यांचा तक्ता, ड्रॉइंग किंवा हस्तलिखित नोंद. पुढे प्रत्येक प्रकाराची वाट वेगळी असल्यामुळे या तासाभराच्या कामाने नंतरचा बराच गोंधळ वाचतो.

हक्कांचा प्रश्नही याच टप्प्यावर सोडवावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आकृती, नकाशा, तक्ता आणि आराखडा यांची गणना कलाकृतीत होते, त्यामुळे केवळ लेखी मजकुरालाच नव्हे, तर तांत्रिक ड्रॉइंगलाही संरक्षण आहे. कंपनी बंद पडली म्हणून तिचे हक्क आपोआप संपत नाहीत. कारखान्यातल्या कारखान्यात, पासवर्डच्या आत ठेवलेली प्रत आणि जगाला खुली केलेली प्रत यांत मोठा फरक आहे. खुली करायची असेल, तर उत्पादकाची किंवा त्याचे हक्क ज्याच्याकडे गेले असतील त्याची लेखी परवानगी घ्यावी.

स्कॅनिंग

पिनांची किंवा शिवलेली पुस्तिका शक्य असल्यास मोकळी करावी. बाइंडरकडे कटिंग मशीनवर कणा कापून घेता येतो, मात्र दोन पानांवर पसरलेली आकृती कण्याजवळ कापली जाणार नाही ना, हे आधी तपासावे. सुटी पाने फीडर असलेल्या स्कॅनरमधून जाऊ शकतात. डागाळलेली, चिकट किंवा कोपरे दुमडलेली पाने मात्र काचेवर एकेक ठेवूनच घ्यावीत. फीडरच्या काचेवर धुळीचा एक कण बसला, तरी त्यानंतरच्या प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ उमटते आणि ती नेमकी एखाद्या आकड्यातून गेली की एकाचा सात व्हायला वेळ लागत नाही. दर वीस-पंचवीस पानांनी काच पुसावी.

साध्या मजकुरासाठी ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) पुरते. बारीक अक्षरांची पार्ट लिस्ट आणि ड्रॉइंग ४०० ते ६०० डीपीआयवर घ्यावीत. ३०० डीपीआयवर ए४ पानाचे चित्र २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचे होते आणि रंगीत, कॉम्प्रेस न केलेली फाइल साधारण २६ एमबी भरते. एकशेवीस पानांचे तीन जीबीच्या आसपास होतात, म्हणजे आजच्या पेन ड्राइव्हच्या हिशेबात काहीच नाही. तेव्हा जागा वाचवण्यासाठी मूळ स्कॅनचा दर्जा कमी करण्यात अर्थ नाही. मूळ प्रत टिफ या, चित्राचा दर्जा न घटवता साठवणाऱ्या स्वरूपात जशीच्या तशी ठेवावी आणि वेबसाठीच्या हलक्या प्रती तिच्यावरून काढाव्यात.

रंगाबाबत काटकसर करू नये. विजेच्या आकृतीत तांबडा, पिवळा आणि निळा हे तीन फेज रंगानेच ओळखायचे असतात. ग्रे-स्केलमध्ये तांबडा आणि निळा जवळजवळ एकाच छटेचे दिसतात. जुन्या अमोनिया प्रिंटलाही (ड्रॉइंगची अमोनियाच्या वाफेवर काढलेली नक्कल) रंगीत स्कॅनच लागतो. त्या प्रिंटवरच्या निळसर रेघा उजेडाने फिक्या पडलेल्या असतात. रंगीत स्कॅनमधून फक्त तांबडे चॅनेल वेगळे काढले, तर त्याच रेघा गडद होऊन उठून दिसतात. पातळ कागदाच्या मागची छपाई पुढे दिसत असेल, तर पानामागे काळा कागद ठेवावा.

घडीच्या मोठ्या ड्रॉइंगसाठी ए० रुंदीपर्यंतचे स्कॅनर असलेले प्लॉटिंगवाले मोठ्या शहरांत मिळतात. तो स्कॅनर कागद रोलरमधून ओढत असल्याने फाटके ड्रॉइंग आधी पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात घालावे. सेलोटेप लावून काम भागवू नये. ती रोलरला चिकटते आणि कालांतराने कागदही पिवळा करते. स्कॅन करताना ड्रॉइंगच्या कडेला स्टीलची पट्टी ठेवली, तर चित्र एखाद्या दिशेला ताणले गेले आहे का हे नंतर कळते.

आता या टप्प्यावरचा सर्वांत महत्त्वाचा इशारा. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की, झेरॉक्स कंपनीची काही वर्कसेंटर यंत्रे स्कॅन करताना आकडेच बदलत होती. घराच्या एका आराखड्यात वेगवेगळ्या खोल्यांची क्षेत्रफळे स्कॅनमध्ये एकसारखी उमटली होती. अक्षरओळख (ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे संगणकाने वाचून त्यांचा मजकूर करणे) तिथे वापरलेलीच नव्हती. फाइल लहान करणाऱ्या जेबिग२ या पद्धतीत एकमेकांसारखे दिसणारे अक्षरांचे तुकडे एकदाच साठवून पुन्हा-पुन्हा वापरले जातात आणि त्यात सहाच्या जागी आठ बसत होता. कंपनीने पुढे सुधारित सॉफ्टवेअर दिले. तरीही कोणत्याही स्कॅनरवर ‘कॉम्पॅक्ट पीडीएफ’ किंवा ‘जास्त कॉम्प्रेशन’ यांसारखा पर्याय तांत्रिक कागदपत्रांसाठी बंदच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुसट आकडा निदान पुसट दिसतो. ठसठशीत चुकीचा आकडा ओळखूच येत नाही.

फाइलच्या नावांत यंत्राचा संकेत आणि तीन अंकी पान क्रमांक असावा, म्हणजे ००९ नंतर ०१० येईल. नावात मोकळी जागा आणि देवनागरी अक्षरे टाळावीत. मोबाइलवर ती चालतात, पण जुन्या सर्व्हरवर आणि लिंक पाठवताना त्रास देतात.

स्वच्छता, पण जपून

स्कॅनटेलरसारखे मोफत सॉफ्टवेअर तिरकी पाने सरळ करते, समास सारखे करते आणि डाग काढते. यातला डाग काढण्याचा पर्याय सर्वांत सौम्य ठेवावा. छापील दशांश चिन्हाचा व्यास सुमारे ०.३ मिमी धरला, तर ३०० डीपीआयवर ते जेमतेम तीन-चार पिक्सेलचे असते आणि सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते आणि धुळीचा कण एकच. ०.०५ ची टॉलरन्स (मापातली चालणारी तफावत) ‘००५’ झाली, तर वाचणारा थबकेल तरी, २.५ चे २५ झाले तर कुणाला शंकाही येणार नाही.

अक्षरओळख

यासाठी टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर पुरेसे आहे. एचपीमध्ये १९८५ ते १९९४ या काळात विकसित झालेले हे सॉफ्टवेअर २००५ मध्ये खुले झाले आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ते न्यूरल नेटवर्कवर (उदाहरणांवरून शिकणाऱ्या पद्धतीवर) चालते. मराठीसाठी त्याची वेगळी भाषा-फाइल मिळते. इंग्रजी पानांना फक्त इंग्रजी आणि मिश्र सूचनापत्रकांना मराठी-इंग्रजी दोन्ही भाषा द्याव्यात. सरसकट दोन्ही दिल्यास इंग्रजी पार्ट क्रमांकांत मध्येच देवनागरी अक्षर डोकावते. ओसीआरएमवायपीडीएफ हे साधन टेसरॅक्टचाच वापर करून स्कॅनच्या चित्रामागे शोधता येणारा मजकूर बसवते. हाताशी मनुष्यबळ कमी असेल, तर निदान एवढ्यावर तरी पोहोचावे.

साधा मजकूर या पद्धतीने चांगला निघतो. चुका होतात त्या खुणांमध्ये आणि क्रमांकांमध्ये. व्यासाचे चिन्ह शून्य किंवा सहा होते, अधिक-उणे चिन्हाचे नुसते अधिक होते, मायक्रॉनच्या चिन्हाचे इंग्रजी यू होते. इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक, एस आणि पाच, बी आणि आठ या जोड्यांवर तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. देवनागरी पत्रकांत हीच गत १ आणि ९ यांची होते. न्यूरल पद्धत आजूबाजूच्या अक्षरांवरून अंदाज बांधते; शब्दांच्या बाबतीत तो अंदाज कामाला येतो, पण पार्ट क्रमांकाला व्याकरण नसल्याने तिथे तोच अंगाशी येतो. टेसरॅक्ट प्रत्येक शब्दासोबत आपल्या खात्रीचा गुणांक देऊ शकते. कमी गुणांकाचे शब्द आधी तपासावेत, पण जास्त गुणांक मिळाला म्हणून आकडा बरोबर आहे असे समजू नये.

मराठी पत्रकांची मूळ फाइल एखाद्या जुन्या संगणकात सापडली, तर अक्षरओळखीची गरजच नाही. मात्र ती पेजमेकर या पाने जुळवण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली असण्याची शक्यता दाट आहे. अशा फाइलमधला मजकूर कॉपी केला की अगम्य इंग्रजी चिन्हे येतात. तो आधी त्या-त्या फॉन्टच्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये (सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतांत) आणावा. युनिकोडमध्ये आल्यावरही एक बारीक अडचण उरते. ‘दुसऱ्या’ यातला आडवा अर्धा र दोन पद्धतींनी लिहिला जातो, एक नुक्त्याच्या ऱ ने आणि दुसरी साध्या र ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला वेगळे वाटतात. संपूर्ण मजकुरात एकच पद्धत राहील अशी शोध-बदल आज्ञा एकदा चालवावी.

तक्ते

पार्ट लिस्ट आणि आकड्यांचे तक्ते अक्षरओळखीवर सोडू नयेत. ते दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे स्प्रेडशीटमध्ये टाइप करावेत आणि दोन्ही प्रती संगणकाने ताडून पाहाव्यात. दोघांकडून एकाच जागी एकच चूक होणे दुर्मिळ असते, त्यामुळे जिथे फरक दिसेल तेवढेच खण मूळ पानाशी तपासले की पुरते. हे कंटाळवाणे काम आहे. पण अख्ख्या प्रकल्पात इथेच वेळ घालवावा आणि रंगसंगती ठरवण्यात तो घालवू नये.

काही तक्त्यांची तपासणी गणितानेही होते आणि चेंज गिअरचा तक्ता हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. लेथचा लीड स्क्रू (आटे पाडताना हत्यार सरकवणारा लांब स्क्रू) एका इंचात चार आट्यांचा आहे असे धरू, म्हणजे त्याची पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) ६.३५ मिमी. इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे पाडण्यासाठी १२७ दातांचा गिअर वापरतात, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिमी आणि १२७ भागिले ५ बरोबर २५.४. चालक गिअर ४० दातांचा आणि लीड स्क्रूवरचा १२७ दातांचा असेल, तर मिळणारी पिच ६.३५ गुणिले ४० भागिले १२७, म्हणजे नेमकी २ मिमी. एम१६ च्या (१६ मिमी व्यासाच्या) नेहमीच्या बोल्टची तीच पिच आहे. मधला आयडलर (दोन्ही गिअरना नुसता जोडणारा गिअर) कितीही दातांचा असला, तरी गुणोत्तर बदलत नाही. या मांडणीत चालक गिअरचे दात गुणिले ०.०५ केले की पिच मिळते: ३० ला १.५, ५० ला २.५.

आता टाइप करताना ४० चे ४५ झाले असे समजा. आकडा दिसायला सरळ आहे, पण पिच २.२५ मिमी होते आणि नट दोन-तीन आट्यांतच अडकतो. नुसत्या नजरेला अशी चूक दिसत नाही. स्प्रेडशीटमध्ये एक जादा स्तंभ घेऊन प्रत्येक ओळीची पिच सूत्राने काढावी आणि छापील पिचशी जुळवावी. न जुळणारी ओळ ही टाइप करणाऱ्याची चूक असेल किंवा क्वचित मूळ छपाईचीही असेल. छपाईची चूक असल्यास छापील आकडा तसाच ठेवून शेजारी तपासलेला आकडा आणि तपासणाऱ्याची नोंद द्यावी. मूळ आकडा गुपचूप दुरुस्त करू नये.

एककांनाही हेच लागू आहे. जुन्या पुस्तिकांत बोल्ट आवळण्याचे बल किलोग्रॅम-मीटरमध्ये असते, तर आजच्या टॉर्क पान्यावर न्यूटन-मीटर असतात. छापील आकड्यापुढे ९.८१ ने गुणलेला आकडा वेगळ्या रंगात लिहावा. वंगणाच्या तक्त्यात बाजारातून गेलेल्या ऑइलचे नाव असेल, तर त्याच्या शेजारी समतुल्य आयएसओ व्हीजी क्रमांक (ऑइलच्या दाटपणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) द्यावा, पण तो ऑइल कंपनीच्या तांत्रिक पत्रकावरून खात्री करूनच.

पाने पाडणे आणि जोडणे

तपासलेला मजकूर मार्कडाउनसारख्या साध्या स्वरूपात ठेवून एमकेडॉक्ससारख्या साधनाने त्याची वेबपाने तयार करावीत. यासाठी डेटाबेसची गरज लागत नाही. तयार होणाऱ्या फाइल कोणत्याही साध्या सर्व्हरवर चालतात.

छापील प्रकरण म्हणजे एक वेबपान, अशी सरळ विभागणी करू नये. मोबाइलवर वाचणाऱ्याला चाळीस पानांचे प्रकरण नको असते. त्याला क्लच घसरतो आहे, ऑइल पंप ऑइल उचलत नाही, कॅरेज जड जाते, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर हवे असते. म्हणून एक काम किंवा एक तक्रार म्हणजे एक पान, अशी रचना करावी. मूळ प्रकरणाचा आणि पानाचा क्रमांक मात्र प्रत्येक वेबपानावर ठळक असावा, कारण जुन्या मेंटेनन्स रजिस्टरमध्ये ‘पान ४७ प्रमाणे केले’ अशाच नोंदी सापडतात. त्या क्रमांकावर बोट ठेवले की त्या पानाचा स्कॅन उघडला पाहिजे. ‘पृष्ठ ४७ पाहा’ असे मजकुरात जिथे-जिथे असेल, तिथे लिंक द्यावी.

धोक्याची सूचना कृतीच्या आधी, त्याच पडद्यावर दिसली पाहिजे. छापील पानावर ती समासातल्या चौकटीत असते आणि नजरेत भरते; वेबपान मोबाइलवर अरुंद झाले की तीच चौकट घसरून कृतीच्या खाली जाते. मुख्य स्विच बंद करण्याची सूचना कव्हर उघडण्याच्या पायरीनंतर वाचायला मिळणे हा निव्वळ मांडणीचा दोष म्हणून सोडून देता येत नाही.

ड्रॉइंगसाठी पीएनजी वापरावे. जेपीईजीमध्ये बारीक रेघांभोवती धूसर कडा येतात. मोठी ड्रॉइंग तुकड्यांत विभागून ओपनसीड्रॅगनसारख्या दर्शकातून दाखवावीत, म्हणजे जेवढा भाग मोठा करून पाहिला जातो तेवढाच डाउनलोड होतो. सुट्या भागांच्या आकृतीतले क्रमांक पार्ट लिस्टमधल्या ओळींशी जोडता आले, तर फिटरचे निम्मे काम हलके होते. वेळ कमी असेल, तर सर्वाधिक उघडल्या जाणाऱ्या दोन-तीन आकृत्यांनाच हे करावे.

समासातल्या पेनाच्या नोंदी पुसू नयेत. ‘हा सील मिळत नाही, अमुक मापाचा चालतो’ अशी एखादी ओळ संपूर्ण प्रकरणापेक्षा मोलाची असते. पण तिला छापील मजकुराचा दर्जा देऊ नये. ‘कारखान्याची नोंद’ असे शीर्षक देऊन ती वेगळ्या पार्श्वभूमीवर ठेवावी आणि शक्य असल्यास यंत्रावर काम करणाऱ्या जुन्या माणसाकडून तिची खात्री करून घ्यावी.

शोध

फिटर ‘बेअरिंग’ लिहील, ‘बेरिंग’ लिहील किंवा इंग्रजीत लिहील, आणि तिन्ही वेळा त्याला तेच पान मिळाले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक पानाला शोधशब्दांची एक छोटी यादी जोडावी आणि तीत शॉपमध्ये (यंत्रशाळेत) प्रत्यक्ष बोलले जाणारे शब्द घ्यावेत. देवनागरी १६ आणि इंग्रजी १६ हे संगणकाला निराळे आकडे आहेत. म्हणून मांडणी कोणत्याही अंकांत असली, तरी शोधसूचीत दोन्ही रूपे हवीत. पार्ट क्रमांक मधल्या रेघेसह आणि रेघेविना, दोन्ही प्रकारे सापडावा.

यंत्रापाशी पोहोचवणे

लहान कारखान्यात कार्यालयातला एक संगणक सर्व्हर म्हणून पुरतो आणि शॉपमधल्या वाय-फायवर पाने उघडतात. पत्र्याच्या शेडमध्ये सिग्नल कुठे जातो हे प्रत्यक्ष चालून पाहावे आणि जिथे तो पोहोचत नाही, तिथल्या टॅबवर (टॅबलेटवर) संपूर्ण प्रत ऑफलाइन ठेवावी. यंत्राच्या नेमप्लेटजवळ त्या यंत्राच्या पहिल्या पानाचा क्यूआर कोड लॅमिनेट करून लावावा. कोडमधला पत्ता पुढे बदलणार नाही असा निवडावा, नाहीतर सर्व्हर बदलला की सगळे स्टिकर खरवडावे लागतात.

चाचणी कार्यालयात न घेता यंत्रापाशी घ्यावी. ज्याने पुस्तिका तयार केली त्याने मोबाइल हातात घेऊ नये. फिटरला नेहमीच्या कामातले चार-पाच प्रश्न द्यावेत आणि तो काय टाइप करतो, कुठे अडतो, कोणत्या आकड्याला स्कॅन उघडून पाहतो, हे शेजारी उभे राहून फक्त लिहून घ्यावे. जो शब्द टाइप करून त्याला काही सापडले नाही, तो त्याच दिवशी शोधशब्दांच्या यादीत घालावा. चुकीचा आकडा सापडल्यास तो दुरुस्त करताना तारीख, जुना आकडा, नवा आकडा आणि मूळ पान क्रमांक पानाच्या तळाशी नोंदवावा, आणि जुन्या आवृत्तीची ऑफलाइन प्रत असलेले सर्व टॅब त्याच पाळीत अद्ययावत करावेत.